चार गुरं, नऊ गोठे

मु. पो. धसईजवळ, ता. मुरबाड
२० जानेवारी

प्रिय हेमंत,

पाकिटावरचा पत्ता मी दोनदा तपासला आहे. आधी सवयीने तुझा जुना पत्ता लिहिला होता, आसनगावच्या पाण्याच्या टाकीजवळच्या खोलीचा. तुझ्या आईने पाहिलं आणि म्हणाली, "तिथनं निघून पोराला वरीस झालं. कुनाला धाडताय पत्र?" मग धसईला जाऊन दुसरं पाकीट आणलं. नऊ वर्षांत तुझे चार पत्ते झाले. भाड्याच्या कराराचे अकरा महिने संपत आले की सोनाली सामान भरायला दुकानात रिकामी खोकी मागायला जाते, असं चिमीने मला एकदा फोनवर सांगितलं होतं, "आजोबा, आई खोकी आणायला गेली" म्हणून. तिला ती गंमत वाटत होती. तेव्हापासून तो महिना जवळ आला की मी कालनिर्णय उलटून दिवस मोजतो. तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगून मी तुला काय देणार होतो?

फोन न करता पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मधेच बोलतोस आणि मग मी माझं विसरतो. सातवीनंतर शाळा सुटलेला माणूस मी. एक गोष्ट सांगायची तर मला तिच्या मागून मागून जावं लागतं. म्हणून हे शेवटपर्यंत वाच, अर्ध्यावर फोन करू नकोस. तू माझ्या सहीची वाट पाहतो आहेस हे मी विसरलेलो नाही. पाच फेब्रुवारीला कल्याणचे शेठ येणार, रस्त्याकडच्या माळाच्या साठेखतावर तू आणि मी सह्या करायच्या, आणि त्या पैशांतून तू शहापूरचं घर नक्की करायचं, असं आपलं ठरलं आहे. ठरलं तेव्हा मी मान हलवली होती. तुझ्या आईने नंतर मला विचारलं, "मान हलवलीत ती हो म्हणून, का पंख्याच्या वाऱ्याने?" मी तिच्यावर चिडलो. पण तिला माझ्या मानेची पारख आहे.

ते शहापूरचं घर वाईट आहे असं मी म्हणत नाही. तू आम्हाला दाखवायला नेलंस त्या दिवशी तू आणि सोनाली ऑफिसात कागद बघत होता, आणि मी खाली कठड्यावर बसलो होतो. समोर त्याच बिल्डरची दोन वर्षांपूर्वी झालेली पहिली इमारत होती. मला रिकामं बसवत नाही, म्हणून मी वाळत घातलेले कपडे पाहत बसलो. सात मजले, आणि कपडे दिसले ते सगळे मिळून आठ गॅलऱ्यांत. वॉचमनला विचारलं, बाकीची घरं विकली गेली नाहीत का? तो म्हणाला, "काका, एक पण खाली नाय. सगळी बुक हाय. मालक मुंबईला, भाव वाढला की काढतील." मी त्याला म्हणालो, मग माझ्या मुलाला ह्यातलंच एखादं द्या ना, स्वस्तात. तो हसला. पण मी थट्टा करत नव्हतो. कणगी भाताने भरलेली, दाराला कुलूप, आणि बाजारात भात महाग झाला म्हणून ओरड, असं काहीतरी मला ते वाटलं. परत येताना तू मला कागदावर आकडे मांडून दाखवलेस. घराची किंमत, त्यावर मुद्रांक, नोंदणी, जीएसटी, पार्किंग, सोसायटीचे आगाऊ. मी म्हणालो, तयार घराला जीएसटी नाही ना, मग तयार घे. तू म्हणालास, तयार घराच्या भावात बिल्डरने ते आधीच धरलेलं असतं. मग म्हणालास, "बाबा, राहायला घर घेणाऱ्याला सगळ्या बाजूंनी लागतं, आणि घर घेऊन कुलूप लावणाऱ्याला काही लागत नाही." मी म्हणालो, घरपट्टी त्यालाही लागते की. तू म्हणालास, "राहणाऱ्याला लागते तेवढीच." आणि खिडकीबाहेर बघत बसलास. तेव्हा तुझ्या कानावरचे पांढरे केस मला पहिल्यांदा दिसले.

गावातही तेच झालं आहे, तुला ठाऊक आहे. पाच वर्षांपूर्वी तू तुझ्या चुलत्याकडे गावाजवळची जागा मागितलीस, छोटं घर बांधीन, नोकरीला जाऊन-येऊन करीन म्हणालास. तेव्हा चुलता राजी होता. पण त्याच उन्हाळ्यात शेजारची पट्टी ठाण्याच्या एका डॉक्टरांनी घेतली, मग तिच्या पलीकडची कोणी वकिलाने घेतली, आणि चुलत्याची नजर बदलली. मी तलाठ्याला विचारलं होतं, आमच्या दगडांना एकदम एवढा भाव कसा आला? तो म्हणाला, जे व्यवहार होतात त्यावरून सरकारी दर ठरतो, दर चढला की मुद्रांकही चढतो, आणि मग विकणारा त्या दराच्या खाली उतरत नाही. म्हणजे डॉक्टरांनी हौसेने जो भाव दिला, तो तुझ्या डोक्यावर बसला. आता त्या बंगल्यांना उंच भिंती आहेत, आत निळी पाण्याची टाकी आहे, आणि वर्षातून दोन वेळा दिवा लागतो. गावातल्या आपल्या पांडूचा मुलगा तिथे झाडांना पाणी घालायला जातो. तो सांगतो, आत सहा पलंग आहेत, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. मला कोणाच्या पलंगांचा हेवा नाही. पण सहा पलंगांचं घर मोकळं आणि चिमीचा अभ्यास स्वयंपाकाच्या ओट्याखाली, हे एकाच तालुक्याच्या हवेत कसं मावतं याचा मी विचार करत बसतो, आणि मग रक्तदाबाची गोळी घेतली की नाही ते विसरतो.

आता माळाकडे येतो. इतका वेळ मी त्याच्या भोवतीच फिरत होतो.

माळावरची वाडी तू लहानपणापासून पाहिली आहेस, पण ती तिथे कशी आली हे मी तुला नीट कधी सांगितलेलं नाही. आबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, नवसूच्या बापाला तिथे बसवलं. त्यांना कुठेच जागा नव्हती. माळावर गवताखेरीज काही येत नव्हतं, आणि आपल्याला लावणीला हात हवे होते. तोंडी बोलणं झालं: तुम्ही इथे राहा, लावणीला पहिला दिवस आमच्या खाचरात या. कागद कोणी केला नाही. नवसू माझ्या वयाचा. आम्ही दोघांनी मिळून खेकडे पकडले आहेत, आणि त्याच खेकड्यांवरून मारामाऱ्याही केल्या आहेत. पुढे वाडी वाढली. वाडीत नवं घर उभं राहायचं तेव्हा पहिली मेढ, म्हणजे मधला खांब, जमीनवाल्याच्या हाताने रोवून घ्यायची त्यांची रीत होती. पहिल्या घराची मेढ आबांनी रोवली, पुढच्या आठ घरांची मी. खड्ड्यात तांदूळ टाकायचे, खांब धरायचा, सगळ्यांनी माती लोटायची. मग सकुबाई, नवसूची बायको, माझ्या हातात नारळ द्यायची आणि म्हणायची, "भाऊ, खांब हलला तर नारळ परत." एकाही घराचा खांब हलला नाही. हे तुला एवढ्यासाठी लिहितो आहे की ती घरं आहेत हे मला कोणी सांगायला नको होतं. माझ्याएवढं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

तू सातवीत होतास त्या वर्षी ग्रामपंचायतीने घरपट्टीसाठी गावातली घरं मोजायला काढली. आदल्या दिवशी धसईच्या बाजारात मला कोणीतरी सांगितलं की शेतजमिनीवर माणसं राहत असली तर ती जमीन बिनशेती धरतात, जमीनवाल्यावर आकार बसतो, वर दंड, तोही मागच्या सगळ्या वर्षांचा. दुसऱ्याने सांगितलं, घरपट्टीची पावती ज्याच्या नावाची, जागा त्याची. मी ती रात्र कशी काढली ते तुझ्या आईला विचार. सकाळी ग्रामसेवक वही घेऊन माळावर आला तेव्हा मी त्याच्या पुढे उभा होतो. त्याने विचारलं, ही घरं कोणाची? मी म्हणालो, घरं नाहीत, गोठे आहेत, माझे. गोठा शेतीच्या कामाचा, त्याला बिनशेती नाही, पट्टीही नावाला. त्या वेळी एका दारातून चुलीचा धूर येत होता आणि दुसऱ्या दारात ठकू, नवसूची मुलगी, केस विंचरत बसली होती. ग्रामसेवक मला म्हणाला, "भगीरथभाऊ, गुरं किती तुमची?" मी म्हणालो, चार. "चार गुरांना नऊ गोठे?" नवसू बाजूला उभा होता. मला वाटलं, आता हा बोलणार. तो म्हणाला, "लिवा सायेब. पावसात गुरं बी आमच्यातच बसत्यात." सगळे हसले. मीही हसलो. ग्रामसेवकाने नऊ ओळी लिहिल्या. गोठा, गोठा, गोठा, आणि प्रत्येक ओळीपुढे माझं नाव. त्यानंतर किती आकारण्या झाल्या, किती ग्रामसेवक बदलले. दर वेळी जुन्या वहीवरून नवी वही उतरवली गेली. माझी चार गुरं कधीच गेली. गोठे नऊच राहिले.

मी मनाशी म्हणत आलो की यात कोणाचं काय बिघडलं? ते राहत होते, मी उठ म्हटलं नाही, पट्टीही मीच भरत होतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी हे म्हणू शकत होतो. मग घरकुलाच्या यादीत ठकूचं नाव आलं. तुला ठकू आठवते ना, बोरं पाडताना तुझं डोकं फोडणारी? तिच्या घराची मागची भिंत पडली होती, तिथे तिने बंगल्यांच्या जाहिरातीचं कापड बांधलं होतं. तिला पंचायतीतून घराचा उतारा आणायला सांगितला. उताऱ्यावर तिचं घर नव्हतंच, माझा गोठा होता. ती माझ्याकडे आली. ओटीवर बसली नाही, पायरीशी उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुमी एकदा पंचायतीत येऊन सांगा ना, तिथं मी ऱ्हाते म्हनून. जागा नको मला, नुसतं सांगा." मी म्हणालो, पाहू. पुढच्या आठवड्यात ती परत आली, तेव्हा मी खाचरात गेल्याचं तुझ्या आईकडून सांगवलं, आणि मागच्या दाराशी उभा राहिलो. तुझी आई तेवढं खोटं बोलली, पण त्यानंतर तिने दोन दिवस मला वाढलं नाही, ताट झाकून ठेवायची. मुदत संपली, ठकूचं नाव गळलं, पैसे दुसऱ्या गावच्या कोणाला गेले. ठकूने गावात कोणाला काही सांगितलं नाही. दिवाळी झाली की वाडीतली सगळी कामाची माणसं वीटभट्टीवर जातात, तशी तीही गेली. पुढच्या पावसाळ्यात लावणीच्या पहिल्या दिवशी ती नेहमीसारखी आपल्याच खाचरात आली. ती आली नसती तर मला बरं वाटलं असतं.

हे सगळं दडपून मी बसलो होतो, तोवर शेठ आले. तो दिवस तुलाही आठवतो, पण तू त्या वेळी पुढच्या आकड्यांकडे बघत होतास. रस्ता रुंद झाला म्हणून त्यांना माळ हवा आहे, तिथे शनिवार-रविवारचे बंगले बांधायचे आहेत. मीच चाचरत म्हणालो, तिथे वाडी आहे. त्यांनी हातातला पंचायतीचा उतारा पुढे केला. "काका, तुमच्याच नावाचे गोठे आहेत. गोठ्याला कोणाची परवानगी नको. जेसीबीचं काम दोन दिवसांचं. आणि आत्ताच केलेलं बरं, माणसं पण नाहीत." मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, "कागदावर गोठेच आहेत, बाबा." तू वाईट मनाने म्हणालास असं मी म्हणत नाही. तुझ्या डोळ्यांसमोर खोकी होती. पण हेमंत, ते वाक्य माझं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी पट्टीला भिऊन मी ते बोललो, आणि ते फिरून तुझ्या तोंडात आलं. ह्या गावात आज कुलूप लावलेली घरं दोन तऱ्हेची आहेत. एकांना उंच भिंती आहेत आणि ती कागदावर घरं आहेत. दुसऱ्यांतली माणसं भट्टीवर विटा थापत आहेत आणि ती कागदावर गोठे आहेत. जेसीबीला कागद वाचावा लागतो की नाही मला ठाऊक नाही, पण शेठला लागतो, आणि तो कागद मी करून ठेवला आहे.

ह्या महिन्यात म्हसा गावची बैलांची जत्रा झाली. बैल विकले तेव्हापासून मला तिथे काही काम नसतं, तरी नवसू आणि मी दर वर्षी बैल बघायला जातो, दात मोजतो, भाव विचारतो, विकणाऱ्याच्या शिव्या खातो आणि परत येतो. ह्या वर्षी जाऊ नये असं वाटत होतं. पण तो सकाळीच धुतलेली टोपी घालून दारात आला. बाजारात एका पांढऱ्या जोडीपुढे आम्ही उभे होतो. तो बैलाच्या पाठीवर हात फिरवत होता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "माळावर टेप लावून गेली मानसं." मला वाटलं, आता तो मला विचारेल, विकू नको म्हणेल, आबांचा शब्द काढेल. त्या सगळ्याला मी मनात उत्तरं जुळवली होती: पोराला घर नाही, मी म्हातारा झालो, माझ्या हातात काही नाही. तो म्हणाला, "भाऊ, पोरं वैशाखात येतील भट्टीवरनं. तवर थांबाया सांगशील का शेठला? त्यांची भांडीकुंडी आतमधी हाय. त्यांच्या मागं कुलपं मोडून काढाया बरं नाय वाटत." एवढंच. मी म्हणालो, डावा बैल जरा उंच आहे. तो म्हणाला, "हा, उंच हाय." मग आम्ही चहा घेतला. माझा मी अर्धा टाकला, आणि एसटीत तो माझ्या खांद्यावर झोपला.

दोन दिवसांनी मी पंचायतीत गेलो. आता तिथे रंजना मॅडम म्हणून ग्रामसेविका आहेत, तरुण, भराभर बोलतात. मी सांगितलं, माझ्या नावावरचे नऊ गोठे हे गोठे नाहीत, घरं आहेत, नोंद दुरुस्त करा. त्या म्हणाल्या, "काका, लोक पट्टी कमी करायला येतात. तुम्ही वाढवायला आलात?" मग त्यांनी मला नीट सांगितलं: इतकी वर्षं चुकीची नोंद दिली म्हणून मागचा फरक माझ्याकडे निघू शकतो. शेतजमिनीवर राहती घरं आहेत हे तलाठ्याला कळवावं लागेल, आणि बिनशेतीचा आकार आणि दंड काय बसायचा तो तहसील ठरवेल. म्हणजे पंचवीस वर्षं मी ज्याला भीत होतो तेच सगळं, त्याच क्रमाने. किती होईल, मी विचारलं. त्या म्हणाल्या, आज सांगता येणार नाही. मी बोटांवर वर्षं मोजत बसलो. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, घरी विचारून या. मी म्हणालो, घरी विचारलं तर मी परत यायचा नाही. आत्ताच लिहा.

त्या दुसऱ्याच दिवशी माळावर आल्या. टेपचं एक टोक मी धरलं, एक नवसूने. कुलूप लावलेल्या घरांची नावं सकुबाई सांगत होती. ठकूच्या घराशी आलो तेव्हा मॅडमनी तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं. सकुबाई म्हणाली, "त्याचं कशाला? वरीस वरीस तोंड नाय दाखवत. ठकू नवसू लिवा, भिंती तिनं लिंपल्यात." मॅडमनी तसंच लिहिलं. सगळं झाल्यावर सकुबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "आता पट्टी आमी भरायची का, भाऊ? गुरं व्हतो तवा फुकाट व्हतं!" नवसू म्हणाला, "गप गो." पण तो हसत होता, आणि मॅडमही हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. मी टेप गुंडाळत राहिलो, नीट गुंडाळली जाईना.

पण घरपट्टी नावावर झाली म्हणजे जागा नावावर झाली असं नाही, हे मॅडमनीच मला समजावलं. घरकुलाला पायाखालची जागा लागते, आणि शेठना अडवायलाही तीच लागते. त्यासाठी त्या घरांपुरती जागा त्या नऊ जणांना द्यायला आमची हरकत नाही, असं जमीनवाल्यांचं संमतीपत्र हवं, मग पुढची नोंदणी. गंमत बघ, हीच जागा मी तुला बक्षीस दिली तर मुद्रांक नावाला लागतो. नवसूला फुकट द्यायची तर सरकारी दराने लागणार, म्हणजे डॉक्टरांनी चढवलेल्या भावाने. घरकुलासाठी काही सवलत असेल तर मॅडम बघून सांगणार आहेत. काल मुरबाडला जाऊन मी संमतीपत्रावर सही करून आलो. नोटरीने माझं नाव वाचून दाखवलं आणि खालचं दुसरं नावही वाचलं. सातबाऱ्यावर मी तुझं नाव लावून ठेवलं, माझ्यामागे वारसाचा त्रास नको म्हणून, त्यामुळे माझ्या एकट्याच्या सहीला काही किंमत नाही. तो कागद ह्या पाकिटात आहे, आणि तुला पत्र लिहायचं कारण तो कागद आहे. वाडी ठेवून शेठना माळ नको आहे, म्हणून तू सही केलीस तर पाच तारखेचं साठेखत होणार नाही आणि शहापूरचं घर हातचं जाईल. त्याच्या बदल्यात तुला काय द्यायचं याचा मी आठ दिवस विचार केला. माझ्यापाशी काही निघालं नाही. खालची खाचरं विकली तरी त्यात तुझी एक खोली होणार नाही, म्हणून तुला खोटा धीर देत नाही. सोनालीला हे तू सांगण्याआधी मी सांगावं असं वाटत असेल तर मी येईन, तिने बोललेलं सगळं ऐकून घेईन. आणि सही करायची नसेल तर कागद टपालाने परत पाठवू नकोस, घेऊन ये, पाच तारखेच्या आधी. शेठसमोर ते गोठे आहेत असं मी पुन्हा म्हणणार नाही, ते तुला म्हणावं लागेल. त्याआधी वाडीवर जाऊन, वैशाखापर्यंत थांबता येत नाही, हेही नवसूला तुलाच सांगावं लागेल. मी तुझ्याबरोबर तिथवर चालत येईन, बोलणार नाही. ह्यातलं तू काय करशील ते मला कळत नाही. तू माझाच मुलगा आहेस म्हणून मला भीती वाटते, असं मी आत्ता लिहिता लिहिता मोठ्याने म्हणालो. तुझी आई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तो माझाबी हाय."

तुझाच,
बाबा